जपानचं कौतुक पुरे, जरा आपल्या काहिलीत बघा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. दोन ओळींच्या पुढं ज्यांना वाचवत नाही त्यांनी थेट खाली जाऊन शिव्या घातल्या तरी चालेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

सध्या आपल्या भागातला असा एक व्हॉट्सॲप ग्रुप दाखवा ज्यावर आठवड्यातून एकदा जपान येत नाही. जपानी पोरं शाळेत स्वतः झाडू मारतात. जपानी प्रेक्षक मॅच संपल्यावर स्टेडियम झाडून जातात. जपानी माणूस ताटात शीत ठेवत नाही. जपानी म्हातारी शंभर वर्षं जगते कारण तिला 'इकिगाई' सापडलंय. आणि प्रत्येक फॉरवर्डच्या शेवटी तीच ओळ: "याला म्हणतात संस्कार. आपले लोक कधीच सुधारणार नाहीत."

माझं भांडण जपानशी नाही. या शेवटच्या ओळीशी आहे.

मी वरवंडचा. ऊस लावणारा माणूस. जपानला गेलेलो नाही. पण पुतणी पुण्यात जपानी शिकते, परीक्षा देते, उद्या तिकडं कामाला जाईल. तिच्या पुस्तकांतून, तिच्याशी वाद घालता घालता आणि स्वतः वाचून एवढं कळलंय की आपण ज्या जपानचं कौतुक करतो तो अर्धा रीलमधला आहे. आणि खरा जो आहे, त्यातलं घेण्यासारखं आपण बरोबर सोडून देतो. का? कारण ते घ्यायचं म्हटलं तर काम करावं लागतं. 'संस्कार' म्हटलं की विषय संपतो. कुणाला ग्रामसभेत उठून उभं राहावं लागत नाही.

उदाहरण म्हणून इकिगाईच घ्या. ज्या पुस्तकाचे उतारे आपल्याकडं फिरतात ते २०१६ सालचं पुस्तक दोन स्पॅनिश लेखकांनी लिहिलंय. चार वर्तुळं एकमेकांत अडकवलेलं ते चित्र तर जपानी नाहीच, २०१४ साली एका पाश्चात्त्य ब्लॉगरनं जुळवलेलं आहे. आणि ज्या ओकिनावाच्या म्हाताऱ्यांचे दाखले देतात, तिथले पुरुष १९८५ साली आयुष्यमानात जपानमध्ये पहिले होते. २००० च्या आकडेवारीत ४७ प्रांतांत २६ वे झाले. संस्कार पंधरा वर्षांत आटले काय? ताट बदललं, चालणं सुटलं, गाडी आणि बर्गर आला. एवढंच.

१) स्वच्छता रक्तात नसते

आजचं चकाचक टोकियो बघून आपल्याला वाटतं हे लोक आईच्या पोटातूनच झाडू घेऊन येतात. १९६४ च्या ऑलिंपिकआधीचं टोकियो असं नव्हतं. रस्त्यावर कचरा, घाण नद्या, उघड्यावर लघवी. ऑलिंपिकला जग येणार म्हणून सरकारनं मोहीम काढली, झाकणाचे डबे आणले, कचरा उचलायची वेळ ठरवली. तरी १९७१ साली टोकियोच्या गव्हर्नरला 'कचरायुद्ध' जाहीर करावं लागलं, कारण सगळ्या शहराचा कचरा एका कोतो वॉर्डात जायचा आणि दुसरे वॉर्ड आपल्याकडं भट्टी उभारू देत नव्हते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीवाल्यांना हे वाचून काही आठवलं का?

मिनामाताचं तर विचारूच नका. कारखान्यानं खाडीत पारा सोडला, मासे खाऊन माणसं वाकडी झाली, मेली. रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. कारण काय ते सरकारनं मान्य केलं १९६८ साली. बारा वर्षं! हेच ते संस्कारी जपान. मग लोक कोर्टात गेले, रस्त्यावर आले, आणि १९७० साली त्यांच्या संसदेनं एका अधिवेशनात प्रदूषणाचे चौदा कायदे केले. स्वच्छ जपान तिथून पुढचा आहे.

आपल्याकडचा पुरावा हवाय? सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलाय ना सगळे? ओकायामाच्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवर बेतलेली ती बाग. तिथं आपलाच माणूस हिरवळीवर पाय ठेवत नाही, पुडी टाकत नाही. कारण वाट आखलेली आहे, डबा ठेवलेला आहे आणि पाय वाकडा पडला की रखवालदार शिट्टी मारतो. त्या बागेला लागून जो मुठा उजवा कालवा जातो, तोच पुढं आपल्या भागात येतो. आणि तोच माणूस घरी आल्यावर त्याच कालव्यात निर्माल्याची प्लास्टिक पिशवी गाठ मारून फेकतो.

रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला जाणारी आपली पोरं बघा. शॉपफ्लोअरवर भिंतीला 'फाइव्ह एस' चा बोर्ड. हत्यार जागच्या जागी, जमिनीवर पिवळी पट्टी, तेलाचा थेंब सांडला तर लगेच पुसणार. तोच पोरगा संध्याकाळी गावात उतरला की स्टँडवर पिचकारी मारतो. रक्त तेच, आईबाप तेच, संस्कार तेच. आठ तासांत काय बदललं? व्यवस्था बदलली.

म्हणून पुन्हा कुणी म्हणालं "आपल्या लोकांच्या रक्तातच नाही", तर त्याला विचारा, मग कंपनीच्या गेटच्या आत कुणाचं रक्त असतं?

२) त्यांचं 'प्राचीन' जेवण आणि आपलं 'गरिबाचं' जेवण

जपानी जेवण म्हणजे हजार वर्षांत न बदललेली शुद्ध परंपरा, असं एक खूळ आहे. तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळं आली. ज्यांनी आपल्याकडं मिरची आणली तेच हे पोर्तुगीज. रामेन चीनकडून आलं. जपानी घरात आवडीनं होणारी करी-राईस तर इंग्रजांच्या हातून गेलेली आपलीच रस्सा-भाताची चुलत बहीण. आणि भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी ही १८२० च्या आसपास आजच्या टोकियोत टपरीवर उभ्या उभ्या खायची वस्तू होती. त्यांचा वडापावच म्हणा.

म्हणजे जुनं ते सोनं, हे त्यांचं गणित नाही. आलेलं घेतलं, आपलं केलं, मग त्याची किंमत ठेवली. २०१३ साली 'वाशोकू', म्हणजे त्यांची जेवणाची पद्धत, युनेस्कोच्या यादीत नेली. भात, डाळीसारखं आंबवलेल्या सोयाबीनचं सार, एखादी भाजी, लोणचं, मासा. सोपं घरचं ताट. जेवणाआधी ते हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. साधा अर्थ, मी हे नम्रपणे घेतो. आपल्याकडं शाळेत 'वदनी कवळ' म्हणायचो, तसंच.

आता आपलं बघा. हुलग्याचे शेंगोळे. कढईत लसूण-मिरचीच्या पाण्यात शिजणारे. हीच वस्तू वाटीत, लाकडी काड्या लावून, टोकियोत मिळाली असती तर आपण फोटो टाकला असता. पण आपल्या लग्नात शेंगोळे ठेवायची कुणाची छाती आहे? "लोक काय म्हणतील, हुलगे वाढले!" त्यापेक्षा लाल रंग ओतलेलं मंचुरियन ठेवू. माडगं आजाऱ्याचं, बाजरीची भाकरी गड्याची, काकवी म्हातारीची. असं एकेक करून आपण आपलं ताट रिकामं केलं आणि आता दुसऱ्याच्या ताटाचे व्हिडिओ बघतोय.

३) गूळ

आता मुद्द्यावर येतो. बाकी सगळं वाचलं नाही तरी हे वाचा.

ओकिनावाच्या आठ लहान लहान बेटांवर 'कोकुतो' बनतो. कोकुतो म्हणजे काळी साखर, म्हणजे सरळ सांगायचं तर गूळ. उसाचा रस काढायचा, आटवायचा, घोटायचा, थंड करायचा. १६२३ साली गिमा शिंजो नावाच्या अधिकाऱ्यानं चीनमधून ही विद्या शिकून आणवली. त्या गुळाचा इतिहास काही गोड नाही. सात्सुमाच्या सरदारांनी बेटं जिंकली आणि तिथल्या शेतकऱ्याला उसासाठी अक्षरशः पिळलं. तरी आज त्या गुळाचं काय झालंय बघा. पाकिटावर बेटाचं नाव असतं. हातेरुमाचा वेगळा, तारामाचा वेगळा, योनागुनीचा वेगळा. चहाबरोबर खडा तोंडात टाकतात. रंग गडद तपकिरी, काळपटच. कुणी म्हणत नाही, "अहो, पिवळा नाही का?"

आणि खाली नियम आहे. २०१० साली जपानच्या ग्राहक खात्यानं स्पष्ट केलं की 'कोकुतो' हे नाव फक्त उसाचा रस तसाच आटवून केलेल्या वस्तूला लावायचं. त्यात दुसरी साखर, मळी मिसळलेली असेल तर पाकिटावर तसं लिहायचं, 'प्रक्रिया केलेला' म्हणून. विकायला बंदी नाही, फसवायला बंदी आहे. एवढ्या एका ओळीच्या नियमानं बेटावरचा खरा गूळ आणि कारखान्यातला बनावट गूळ वेगळे झाले.

आता आपली गुऱ्हाळं. केडगाव, खुटबाव, पारगाव, यवत, पाटस, आपलं वरवंड; दौंड तालुका म्हणजे गुळाचं आगर. खरा गूळ कसा होतो हे जुन्या माणसांना सांगायला नको. रस काहिलीत पडला की रानभेंडीचं पाणी घालायचं, उकळीबरोबर मळी वर येते ती झाऱ्यानं काढत राहायची. चुलाणात जळायला उसाचीच वाळलेली चिपाडं. रस आटत आला की गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी बघणार. ती नजर पुस्तकात शिकता येत नाही. मग वाफ्यात ओतायचं, घोटायचं, साच्यात ढेप. रंग? जमिनीप्रमाणं, उसाप्रमाणं. कधी तांबूस, कधी काळपट.

आणि आज काय चाललंय? सगळ्यांना माहितीय आणि कुणी बोलत नाही. चिपाडापेक्षा स्वस्त पडतं म्हणून चुलाणात प्लास्टिक, चपलांचे तुकडे, टायर. रस कमी पडला किंवा साखर स्वस्त झाली की काहिलीत साखरेची पोती. रंग यावा म्हणून हायड्रॉस. मी स्वतः तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर हे उभं राहून बघितलंय. गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरावर सकाळी काळे ठिपके असतात. तीच हवा पाळण्यातलं पोर ओढतं. नाव घेणार नाही, कारण एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडायचं नाहीये.

आणि गुऱ्हाळवाल्याला एकट्याला फासावर चढवायचंही नाहीये. जरा साखळी बघा. बाजारात व्यापारी पिवळ्याधमक ढेपेला जास्त भाव देतो. का? कारण शहरातलं गिऱ्हाईक पिवळा मागतं. ज्यानं रानभेंडी वापरून काळपट गूळ केला त्याचा माल मागं पडतो. त्याला चिपाडं साठवायची, गुळव्याला जास्त मजुरी द्यायची, आणि हातात कमी पडायचं. म्हणजे प्रामाणिक माणूस तोट्यात आणि लबाड नफ्यात. अशा बाजारात संस्काराचं प्रवचन देऊन काय होणार? दोन हंगाम तग धरेल, तिसऱ्याला तोही हायड्रॉस आणेल.

कायदा आपल्याकडंही आहे. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमात गूळ म्हणजे उसाच्या नाहीतर ताडाच्या रसापासून केलेला पदार्थ. साखर विरघळवून पाडलेली ढेप म्हणजे गूळ नव्हेच. पण ढेपेवर ना गावाचं नाव, ना मालकाचं. कुणाला धरणार? कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला मिळालं. दौंडच्या गुळाचं नाव कुठंय? हायड्रॉसच्या बातम्यांत. धुराच्या तक्रारींत.

आठ बेटांच्या लोकांनी नाव कमावलं आणि ते कायद्यानं राखलं. आपल्याकडं नाव होतं, ते आपण चुलाणात घातलं.

४) शाळेतलं ताट

जपानी पोरं पांढरी टोपी घालून एकमेकांना जेवण वाढतात, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. खाली कमेंट: "किती शिस्त!"

त्या शिस्तीच्या मागं काय आहे ते व्हिडिओत नसतं. युद्धात राख झालेला देश. पहिलं शाळेतलं जेवण परदेशी मदतीच्या दूध पावडरीवर उभं राहिलं. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळात सुकडी वाटली ना, तशातला प्रकार. पण १९५४ साली, अजून गरिबीच होती तेव्हा, त्यांनी शाळेच्या जेवणाचा कायदा केला. २००५ साली अन्नशिक्षणाचा कायदा केला आणि शाळेसाठी पोषण-शिक्षकाचं पद काढलं. किराण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी पालक देत आले, महिन्याला साधारण साडेचार हजार येन. पण स्वयंपाकघर, भांडी, आचारी हे सगळं नगरपालिकेचं. वाढायच्या आधी मुख्याध्यापक ते जेवण खाऊन बघतो आणि शिक्षक वर्गात पोरांबरोबर तेच जेवतो. १९९६ साली साकाई शहरात शाळेच्या जेवणातून विषबाधा झाली, हजारो पोरं आजारी पडली, काही दगावली. त्यानंतर स्वच्छतेचे नियम आणखी कडक केले. ही शिस्त अशी आली. पैसा, पगार, नियम आणि झालेल्या चुकीतून शिकणं.

आपल्याकडं २०२३ च्या शेवटी शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्याला केळ. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं त्याचा निधी काढून घेतला आणि सांगितलं, लोकवर्गणीतून करा. आठवड्याला एक अंडं, मंडळी! ज्या ताई चुलीपुढं उभं राहून शंभर पोरांची खिचडी शिजवतात त्यांचं महिन्याचं मानधन एकदा विचारून बघा. मग जपानी शिस्तीचा व्हिडिओ पुढं पाठवायची हिंमत होते का सांगा.

आणि ते झाडू मारण्याचं. जपानी शाळेत सगळीच पोरं रोज थोडा वेळ वर्ग, जिना पुसतात. चांगली गोष्ट आहे, आपल्याकडंही करा. पण एक अट. सरपंचाचं पोर, मास्तरचं पोर, बागायतदाराचं पोर आणि वस्तीवरचं पोर, सगळ्यांच्या हातात एकाच दिवशी एकच झाडू. संडास साफ करायची पाळी फिरून फिरून एकाच आळीतल्या पोरांवर येणार असेल तर त्याला जपान म्हणू नका, त्याला जात म्हणतात. जपानमध्येही हे दुखणं होतं आणि आहे. कातडं कमावणाऱ्या, मढी उचलणाऱ्या लोकांच्या वंशजांना तिथं 'बुराकू' म्हणून बाजूला ठेवलं जायचं. त्या भेदाविरुद्ध २०१६ साली त्यांना वेगळा कायदा करावा लागला. रीलमध्ये हे येत नाही.

५) हायवे आपल्या दारातून जातो

पुणे-सोलापूर हायवे आपल्या गावाला चिरून जातो. रोज हजारो गाड्या. त्यातली एक गाडी वरवंडला थांबावी असं आपण काय ठेवलंय? बाईमाणसाला जावंसं वाटेल असं एक स्वच्छ सार्वजनिक संडास दाखवा.

जपाननं १९९३ पासून रस्त्याकडेला 'मिची-नो-एकी', म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन, अशी योजना काढली. सुरुवात शंभरेक ठिकाणांनी झाली, आज बाराशेच्या वर आहेत. अटी सोप्या: फुकट पार्किंग आणि चोवीस तास उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह. शेजारी त्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या मालाचं दुकान, तिथल्याच पद्धतीचं जेवण. रस्ता सरकारचा, स्टेशन गावाच्या नगरपालिकेचं. भाजीच्या जुडीवर पिकवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं.

आणि हे त्यांनी हौसेखातर केलेलं नाही. त्यांची खेडी ओस पडतायत. २०२३ च्या पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली. म्हातारे सांभाळायला माणूस नाही म्हणून तर आपल्या पोरींना बोलवतायत. गाव जगवायची धडपड आहे ती.

आपल्याकडं गर्दीला तोटा आहे का? दरवर्षी तुकोबांची पालखी यवतवरून वरवंडला मुक्कामाला येते. लाखो माणसं एका रात्रीसाठी येतात, दिंड्या नंबराप्रमाणं लागतात, चोपदाराच्या एका इशाऱ्यावर सगळा मेळा गप्प होतो. म्हणजे शिस्तही आपल्याकडं आहे, पंगतही आहे. मग पालखी पुढं उंडवडीला गेली की दुसऱ्या दिवशी रानात पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या कुणाच्या असतात? हातात झाडू घेऊन आधी गाव झाडणारे आणि मग कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा आपलेच होते. त्यांना विसरून आपण स्टेडियम झाडणाऱ्या जपान्याला साष्टांग घालतो.

६) चौफुल्याचा विषय, जो कुणी काढत नाही

गेशाचे फोटो बघून "काय संस्कृती जपलीय" म्हणणारे आपल्या शेजारच्या चौफुल्याचं नाव काढलं की डोळा मारतात.

जपानी काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका बाईनं केली. १६२९ साली तिथल्या राज्यकर्त्यांनी नीतीच्या नावाखाली बायकांना रंगमंचावरून हाकललं. आपल्याकडंही स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, मग उठवली. दोन्हीकडं पांढरपेशांचा ढोंगीपणा सारखाच. फरक पुढं पडला. जपाननं १९५० साली सांस्कृतिक ठेव्याचा कायदा केला, आणि त्याखाली कलाकार, कुंभार, विणकर, तलवार घडवणारा अशा जिवंत माणसांना राष्ट्रीय ठेवा म्हणून मान देतात. नुसता मान नाही, वर्षाला २० लाख येन देतात आणि अट घालतात, शिष्य घडव.

आपल्या विठाबाई नारायणगावकर. राष्ट्रपतींचं पदक मिळालेली बाई. २००२ साली गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. नंतर सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. मेल्यावर हार घालायचा, ही आपली परंपरा.

ढोलकीवाला, पेटीवाला, बैठकीची लावणी बसून अदा करणारी बाई आज डीजेपुढं हरतेय. ती हरली की आपण म्हणणार, "आपली संस्कृती संपली." संपली नाही, आपण तिला पगार दिला नाही.

आता तुमचे आक्षेप

"त्यांच्याकडं पैसा आहे." १९५४ साली नव्हता. कायदा आधी केला, पैसा नंतर आला.

"तुम्ही जपानचा द्वेष करता." उलट आहे. तुम्ही त्यांची पूजा करता आणि सोडून देता. मी म्हणतो त्यांच्याकडून शिका. पूजा करणारा नारळ फोडून घरी जातो, शिकणाऱ्याला अभ्यास करावा लागतो.

"सगळं सरकारनंच करायचं का?" नाही. पण सगळं संस्कारांवर ढकलून सरकारला मोकळं सोडायचं हेही नाही. ज्याला काहीच करायचं नसतं त्याला 'लोकच नालायक आहेत' हे वाक्य फार सोयीचं असतं. पुढाऱ्यालाही आणि फॉरवर्ड करणाऱ्यालाही.

मग करायचं काय?

तीन गोष्टी. तीनच.

एक. गुऱ्हाळमालक, ऊस उत्पादक आणि गुळव्ये यांनी एकत्र बसून 'दौंडचा गूळ' या नावाचा नियम लिहायचा. साखर नाही, हायड्रॉस नाही, चुलाणात चिपाडाशिवाय काही नाही. ढेपेवर गावाचं आणि मालकाचं नाव. सुरुवातीला पाच गुऱ्हाळं आली तरी पुरे. आणि आपण गावानं पण घरात, लग्नात, हरिनाम सप्ताहात तोच काळपट गूळ घ्यायचा, चार पैसे जास्त देऊन. मानांकनाचा अर्ज त्यानंतर. आधी माल, मग मान.

दोन. हायवेला लागून एक जागा. स्वच्छतागृह चोवीस तास, राखायला पगारी माणूस. शेजारी बचत गटाच्या बायकांचं दुकान: हा गूळ, काकवी, हुलग्याचं पीठ, गरम भाकरी आणि शेंगोळे. पिकवणाऱ्याचं नाव लिहून. पालखीच्या दिवशी तिचा उपयोग किती होईल ते वेगळं सांगायला नको.

तीन. शाळेत आठवड्याला अंडं किंवा केळ गावानं सुरू करायचं, आणि निधी परत द्या म्हणून सरकारकडं ठराव पाठवायचा. दोन्ही एकदम. आणि महिन्यातून एक दिवस पदाधिकारी, शिक्षक, पालक यांनी पोरांच्या पंगतीत बसून तीच खिचडी खायची. डाळ पातळ आहे का घट्ट, आपोआप कळेल.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला शंभर माणसं लागतात. लग्नात, दहाव्याला, क्रिकेटच्या फायनलला आपण हजार जमतो. पुढच्या ग्रामसभेला हे तीन ठराव लेखी घेऊन मी जाणार आहे. ज्यांना पटलं त्यांनी कमेंटमध्ये नुसता अंगठा देऊ नका, 'येतो' असं लिहा. शंभर 'येतो' जमले की तारीख टाकतो.

ज्यांना नाही पटलं त्यांनी मुद्द्यावर भांडा, उत्तर देईन. आणि ज्यांना हे सगळं वाचून जपानचा अजून एक व्हिडिओ पाठवायचाय त्यांनी खुशाल पाठवा. फक्त खाली 'संस्कार' लिहू नका. त्या व्हिडिओच्या मागं कुठला कायदा आहे आणि त्याचे पैसे कोण भरतं, एवढं शोधून लिहा.

राम कृष्ण हरी.